पावसाच्या मॅट्रिक्समधील रिकामी घरे: शून्य, सरासरी की आणखी काही?

यावलची विद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. मी सांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी जळगाव जिल्ह्यातील एका पावसाळ्याच्या दैनंदिन नोंदी घेतल्या आहेत. जिल्ह्यातील १५ तालुके हे स्तंभ आणि १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस या ओळी, अशी १,८३० घरांची मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांचा तक्ता) मी आर या सांख्यिकीच्या संगणकीय भाषेत तयार केली. नोंदी छापील मासिक तक्त्यांवरून मी स्वतः टंकित केल्या आहेत. त्या तक्त्यांत काही घरे कोरी होती, काहींत आडवी रेघ होती आणि काहींत ‘निरंक’ असा शब्द होता. फाइल वाचताना हे तिन्ही प्रकार गहाळ समजावेत असे मी आरला सांगितले आणि त्यानुसार एकूण १३५ घरांत एनए (आरमधील गहाळ नोंदीची खूण) आले.

मला प्रत्येक तालुक्याची मासिक आणि हंगामी बेरीज, पावसाच्या दिवसांची संख्या आणि तालुक्यातालुक्यांमधील सहसंबंध (दोन तालुक्यांचा पाऊस कितपत एकत्र कमी-जास्त होतो याचे माप) काढायचे आहेत. सहसंबंध नीट जमले तर पुढे मुख्य घटक विश्लेषणही (अनेक स्तंभांतील चढउतार मोजक्या घटकांत मांडण्याची रीत) करायचे आहे.

अडचण अशी की, पहिल्या प्रयत्नात जवळजवळ सगळ्याच बेरजा एनए आल्या. म्हणून ‘एनए.आरएम’ हा एनए वगळण्याचा पर्याय ‘ट्रू’ (होय) केला. (फंक्शनची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे.) तेव्हा बोदवडची जुलै महिन्याची बेरीज शून्य आली. बोदवडच्या जुलैच्या तक्त्यातील सर्व ३१ घरे कोरी आहेत हे खरे. पण त्याच जुलैत शेजारच्या मुक्ताईनगर, भुसावळ आणि जामनेर तालुक्यांत चांगला पाऊस झाला होता, त्यामुळे हे शून्य मला पटले नाही. मग प्रत्येक स्तंभाची सरासरी त्या स्तंभातील रिकाम्या घरांत भरावी असे ठरवले आणि गहाळ घरे ओळखणाऱ्या ‘इज.एनए’ने निवडलेल्या घरांना, प्रत्येक स्तंभाची सरासरी काढणाऱ्या ‘कोलमीन्स’चे उत्तर थेट नेमून दिले. आज्ञा कोणताही इशारा न देता चालली. मात्र बोदवडचा जुलै उघडून पाहिला, तर १ तारखेला जो आकडा आहे तोच १६ तारखेला आणि तोच पुन्हा ३१ तारखेला आहे. मधल्या तारखांचेही तसेच. बोदवडची एकच सरासरी सगळीकडे दिसायला हवी होती, तेथे १५ वेगवेगळे आकडे फिरत आहेत.

माझी चूक नेमकी कोठे होते आहे, आणि या रिकाम्या घरांचे करावे तरी काय, हे कोणी समजावून सांगितल्यास फार मदत होईल.

तापीकाठ

ताई, तिसऱ्या प्रयत्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात आकडे चुकीचे भरले गेले आणि आरने चकार शब्द काढला नाही. आरमधील मॅट्रिक्स दिसायला ओळी आणि स्तंभांची असली, तरी ती आतून एकच लांब रांग असते: आधी पहिला स्तंभ वरून खालपर्यंत, मग दुसरा स्तंभ, मग तिसरा. ‘इज.एनए’ने निवडलेली घरे याच क्रमाने येतात. तुम्ही त्या १३५ घरांना १५ सरासऱ्या दिल्या. ती घरे कोणत्या स्तंभातील आहेत हे आर तेथे पाहतच नाही. तो पहिल्या घराला पहिली सरासरी देतो, दुसऱ्याला दुसरी, आणि पंधरावी संपली की पुन्हा पहिलीपासून वाटू लागतो. १३५ ही संख्या १५ च्या नेमकी नऊपट आहे, म्हणून वाटप बरोबर संपले आणि इशारा आला नाही. एक घर कमी किंवा जास्त असते, तर संख्या पटीत नाही असा इशारा तुम्हाला दिसला असता. बोदवडचे आकडे दर १५ दिवसांनी फिरून येतात ते यामुळेच, आणि तुम्ही ते पाहिलेत ही फार चांगली गोष्ट झाली.

दुरुस्ती अशी: ‘व्हिच’ या फंक्शनला ‘इज.एनए’चे उत्तर द्या आणि ‘एआरआर.इंड’ हा पर्याय ‘ट्रू’ ठेवा. मग प्रत्येक गहाळ घरासाठी दोन आकडे मिळतात, पहिला ओळीचा आणि दुसरा स्तंभाचा. भरताना ‘कोलमीन्स’च्या उत्तरातून त्या दुसऱ्या आकड्यानुसार सरासरी उचलायची, म्हणजे प्रत्येक घराला त्याच्याच स्तंभाची सरासरी मिळते. ‘कोलमीन्स’लाही ‘एनए.आरएम’ सांगायला विसरू नका.

आता बोदवडच्या शून्याविषयी. एनए वगळून बेरीज करा असे सांगितल्यावर बोदवडच्या जुलैत बेरीज करण्यासारखे काहीच उरत नाही, आणि काहीच नसलेल्या यादीची बेरीज गणिताच्या संकेतानुसार शून्य असते. त्याच रिकाम्या यादीची सरासरी मागितली तर आर ‘एनएएन’ देतो, म्हणजे शून्याला शून्याने भागल्यावर येणारे अनिश्चित उत्तर. आणि कमाल मागितली तर इशाऱ्यासह ऋण अनंत देतो. सरासरी आणि कमाल यांची उत्तरे विचित्र असल्याने चूक डोळ्यांत भरते, पण बेरजेचे शून्य हे पावसाच्या तक्त्यात अगदी साधे, खरे वाटणारे मूल्य आहे. म्हणून माझी आग्रहाची सूचना आहे की प्रत्येक बेरजेच्या शेजारी ती किती दिवसांच्या नोंदींवरून काढली हा आकडा ठेवावा. ‘इज.एनए’ उलटे करून त्याची स्तंभवार बेरीज घेतली की तो मिळतो. जेथे ३१ पैकी शून्य दिवस आहेत तेथे बेरीज लिहायचीच नाही, एनएच ठेवायचे.

सहसंबंधाकडे जाण्यापूर्वी आणखी एक लक्षात घ्या. एनए हा आकडा नाही. आकडा आहे पण आपल्याला ठाऊक नाही, असे ते विधान आहे. त्यामुळे एखादे घर एनएच्या बरोबरीचे आहे का असे दोन बरोबर चिन्हांनी विचारले, तर उत्तरही एनएच येते, आणि म्हणूनच ‘इज.एनए’ हे वेगळे फंक्शन दिलेले आहे. एनएला शून्याने गुणले तरी एनएच राहते. याचा मॅट्रिक्सच्या गुणाकारावर मोठा परिणाम होतो: तुमच्या मॅट्रिक्सचा तिच्याच परिवर्तित (ओळींचे स्तंभ केलेल्या) रूपाशी गुणाकार करून १५ गुणिले १५ ची मॅट्रिक्स काढली, तर एका स्तंभातील एका गहाळ घरामुळे उत्तरातील ती संपूर्ण ओळ आणि तो संपूर्ण स्तंभ, म्हणजे २२५ पैकी २९ घरे, एनए होतात. मुख्य घटकांचे फंक्शन तर गहाळ घर दिसताच थांबते.

टंकनात देवनागरी अंक वापरले आहेत का, तेही तपासा. संपूर्ण मॅट्रिक्स एकाच प्रकारची असावी लागते. एका घरात शब्द असला तरी सगळी घरे मजकूर होतात, आणि त्या मजकुराचे पुन्हा संख्यांत रूपांतर करताना आर देवनागरी अंकांना अंक मानत नाही. ‘१२.५’ असे लिहिलेली खरी नोंद तेथे एनए होते. अशी घरे असतील तर ‘सीएचएआर-टीआर’ या फंक्शनने आधी अंक बदलून घ्यावेत.

भरण्यासाठी काय वापरावे, असे विचाराल तर सरासरीपेक्षा त्या तालुक्याच्या त्याच महिन्याचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) मला अधिक सुरक्षित वाटतो, कारण एखाद्या मुसळधार दिवसाने तो ओढला जात नाही.

नाना, पारोळा

बेटा, मला आर येत नाही, पण पर्जन्यमापकावरील नोंदी घेण्याचे आणि तक्ते तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून तुझ्या पहिल्याच परिच्छेदावर थांबलो. ‘निरंक’ म्हणजे नोंद गहाळ नव्हे. सरकारी तक्त्यात निरंक याचा अर्थ मोजले आणि काही आढळले नाही, म्हणजे पाऊस शून्य. ती सर्व घरे तू गहाळ समजलीस, तर कोरडे दिवस गेले आणि उरलेल्या दिवसांची सरासरी उगाच वाढली. निरंकच्या जागी शून्य लिही, त्यात शंका ठेवू नकोस.

कोरे घर म्हणजे नोंद पोहोचली नाही किंवा घेतली गेली नाही. तेथे शून्य लिहू नये.

आडव्या रेघेचा अर्थ मात्र लिहिणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. कोणी पाऊस नाही म्हणून रेघ ओढी, कोणी आकडा आला नाही म्हणून. त्याची खातरजमा करण्याचा एक जुना मार्ग आहे. छापील तक्त्याच्या तळाशी त्या तालुक्याची मासिक बेरीज दिलेली असते. रेघा सोडून उरलेले आकडे तू स्वतः मिळव आणि छापील बेरजेशी ताडून पाहा. दोन्ही जुळल्या, तर निदान बेरीज करणाऱ्याने त्या रेघा शून्य धरल्या होत्या एवढे कळते. आणि आसपासच्या तालुक्यांतही त्या दिवशी उघडीप असेल, तर त्या शून्यच होत्या असे धरायला हरकत नाही. बेरजा जुळल्या पण शेजारी जोराचा पाऊस होता, तर ती रेघ संशयित समजून कोऱ्या घरांत टाक. आणि छापील बेरीज तुझ्या बेरजेपेक्षा जास्त निघाली, तर तो फरक रेघांच्या दिवसांचा आहे किंवा टंकनात तुझा एखादा आकडा चुकला आहे; आधी टंकन तपास.

दुसरी गोष्ट तारखेची. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागील २४ तासांचा असतो. त्यामुळे १ जूनच्या नोंदीतला बहुतेक काळ ३१ मेचा असतो. सर्व तालुक्यांत एकच पद्धत असेल तर तुलनेत बाधा येत नाही, पण एखाद्या ठिकाणी आदल्या दिवसाच्या तारखेला लिहिण्याची पद्धत असेल, तर तो तालुका शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस पुढे किंवा मागे सरकतो आणि तुझा सहसंबंध विनाकारण कमी येतो. ओळ वर-खाली सरकवून तो एकदा पाहून घे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन दिवस मोजणी झाली नाही, तरी पाणी मापकाच्या बाटलीत साठतच राहते. तिसऱ्या दिवशी मोजले की तिन्ही दिवसांचा पाऊस एकाच तारखेला लिहिला जातो. म्हणजे दोन घरे कोरी आणि लगेच पुढे एक मोठा आकडा, असे दिसले की सावध हो. तेथे कोऱ्या घरांत तू आणखी काही भरलेस, तर तोच पाऊस दोनदा मोजला जाईल.

पांझरा, धुळे

नानांनी जे सांगितले ते कोणत्याही फंक्शनच्या आधी करायचे काम आहे, आणि ते झाल्यावर गहाळ घरांची संख्या बरीच कमी होईल असा माझा अंदाज आहे. त्यानंतर जी घरे खरोखर गहाळ उरतील, त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तापीकाठ यांनी आरविषयी सांगितलेले सर्व बरोबर आहे, परंतु मध्यकाच्या सूचनेशी मी सहमत नाही. आपल्याकडे पावसाळ्यातही कोरडे दिवस इतके असतात की एखाद्या तालुक्याच्या दैनंदिन पावसाचा मासिक मध्यक अनेकदा शून्य किंवा शून्याजवळ येतो. तो भरणे म्हणजे वेगळ्या वाटेने पुन्हा शून्य भरणेच होय. आणि बोदवडच्या बाबतीत तर तो काढताच येत नाही, कारण त्या महिन्याची एकही नोंद नाही. सरासरीचा दोष याच्या उलट आहे. समजा बोदवडची हंगामी दैनंदिन सरासरी ५.५ मिलिमीटर आहे आणि ती जुलैच्या ३१ घरांत भरली. बेरीज १७०.५ मिलिमीटर येईल, जी कदाचित विश्वसनीय दिसेल. पण भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस हा पावसाचा दिवस होतो, आणि त्या हिशेबाने जुलैचे ३१ च्या ३१ दिवस पावसाचे ठरतील. प्रमाण विचलन (आकड्यांच्या पसरणीचे माप) खाली येईल, आणि शेजारी तालुका वर-खाली होत असताना बोदवड एका पातळीवर सपाट राहिल्यामुळे सहसंबंधही घटेल. त्यामुळे भरायचे ते कोणत्या उत्तरासाठी, हे आधी ठरवावे लागते.

बेरजेसाठी जलविज्ञानातील एक जुनी आणि साधी रीत आजही उपयोगी आहे: सामान्य पर्जन्याच्या (म्हणजे अनेक वर्षांच्या सरासरी पावसाच्या) गुणोत्तराची. पॉलहस आणि कोहलर यांनी ती १९५२ मध्ये मांडली. समजा ज्या केंद्राची नोंद गहाळ आहे त्याचे वार्षिक सामान्य पर्जन्य ७०० मिलिमीटर आहे, आणि तीन शेजारी केंद्रांचे ८००, ७०० आणि ५६० आहे. त्या दिवशी शेजाऱ्यांकडे अनुक्रमे २०, १४ आणि १२ मिलिमीटर पाऊस झाला. प्रत्येक नोंदीला ७०० भागिले त्या केंद्राचे सामान्य पर्जन्य या गुणोत्तराने गुणले, की १७.५, १४ आणि १५ मिळतात, आणि त्यांची सरासरी १५.५ येते. शेजाऱ्यांचे सामान्य पर्जन्य आपल्या केंद्राच्या १० टक्क्यांच्या आत असेल, तर साधी सरासरीही चालते. या रीतीत शेजारी सगळे कोरडे असतील त्या दिवशी आपलेही शून्यच येते, त्यामुळे पावसाच्या दिवसांची संख्या स्तंभाच्या सरासरीइतकी बिघडत नाही. मात्र तीनपैकी एका ठिकाणी सर पडली तरी आपल्याकडे थोडा पाऊस दाखवला जातो, हे ध्यानात ठेवावे.

शेजारी निवडताना जिल्ह्याची हद्द पाळू नका. बोदवडला मलकापूर लागून आहे, ते बुलढाणा जिल्ह्यात आहे म्हणून पाऊस तेथे थांबत नाही. बोदवडसाठी मुक्ताईनगर, भुसावळ, जामनेर आणि मलकापूर घ्या. उलट चोपडा, यावल आणि रावेर हे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुके आणि चाळीसगावसारखा अजिंठ्याच्या डोंगरांलगतचा तालुका यांना एकमेकांच्या नोंदी भरण्यासाठी वापरू नये. एकाच जिल्ह्यात असूनही त्यांचा पाऊस वेगळ्या डोंगरांच्या आश्रयाने पडतो.

दोन दिवसांच्या मधले घर सरळ रेषेने भरणारी फंक्शनही आरमध्ये आहेत, ‘झू’ या पॅकेजमधील ‘एनए.अप्रॉक्स’ हे त्यांपैकी एक. हतनूर धरणाच्या पाणीपातळीसाठी किंवा कमाल तापमानासाठी लहान खंड असेल तर ती जरूर वापरावीत, कारण आजची पातळी कालच्या पातळीवरूनच पुढे सरकते. दैनंदिन पावसाचे तसे नाही. काल ४० मिलिमीटर आणि उद्या शून्य, म्हणून आज २०, असे म्हणायला काही आधार नाही.

आता सहसंबंध. ‘कोर’ या फंक्शनला गहाळ घरांविषयी सांगण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात ज्या ओळीत एकही घर गहाळ आहे ती संपूर्ण ओळ वगळली जाते, ‘कम्प्लीट.केसेस’ हेच करते. तुमच्या बाबतीत एकट्या बोदवडमुळे उरलेल्या १४ तालुक्यांचा संपूर्ण जुलै फेकला जाईल, आणि जुलै वगळून पावसाळ्याचा अभ्यास करणे मला तरी मान्य होणार नाही. दुसऱ्या मार्गात प्रत्येक जोडीसाठी त्या दोघांच्या जेवढ्या समान नोंदी आहेत तेवढ्या घेतल्या जातात. यात नोंदी कमी वाया जातात, पण प्रत्येक गुणांक वेगळ्या दिवसांवरून निघतो, आणि त्यामुळे तयार होणाऱ्या मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांपैकी (मॅट्रिक्सवरून निघणाऱ्या विशिष्ट संख्यांपैकी) एखादे ऋण येऊ शकते. मुख्य घटक विश्लेषणात आयगेन मूल्य म्हणजे त्या घटकाचे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग), आणि प्रचरण ऋण असू शकत नाही. म्हणून जोडीवार सहसंबंध घेतल्यास ‘आयगेन’ने ती मूल्ये आधी पाहून घ्यावीत. मी तुमच्या जागी असतो, तर सहसंबंधासाठी बोदवडचा स्तंभच बाजूला ठेवून १४ तालुक्यांचे विश्लेषण मुख्य मानले असते आणि बोदवड धरून आलेले उत्तर वेगळे दिले असते.

भरलेल्या घरांवरून सहसंबंध काढायचाच असेल, तर एकदा भरून थांबू नये. शेजाऱ्यांवरून भरलेले मूल्य शेजाऱ्यांशी जुळणारच, त्यामुळे सहसंबंध आता वर फुगतो. यासाठी बहुविध इम्प्युटेशनची पद्धत आहे, म्हणजे गहाळ घरे अनेक वेळा, थोड्या वेगळ्या मूल्यांनी भरून प्रत्येक वेळी उत्तर काढणे आणि मग ती उत्तरे एकत्र करणे. भरण्यातील अनिश्चितता त्यामुळे अंतिम उत्तराच्या प्रमाण त्रुटीत (उत्तर किती अनिश्चित आहे याच्या मापात) उतरते. आरमध्ये ‘माइस’ हे पॅकेज हे काम करते. काही वेगळे सांगितले नाही तर ते पाच संच तयार करते आणि संख्यात्मक स्तंभांसाठी, ज्या दिवसांचे भाकीत जवळचे आहे अशा दिवसांपैकी एकाची खरी नोंद उचलून भरते. पावसासाठी हा गुण मोलाचा आहे, कारण भरलेले मूल्य कधी ऋण येत नाही आणि कोरडा दिवस नेमका शून्यच राहू शकतो.

या सगळ्यामागे एक गृहीतक आहे आणि ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ नोंदींविषयी जो विचार मांडला, त्यातून आज तीन प्रकार मानले जातात. नोंद पूर्णपणे योगायोगाने गहाळ झाली असेल, उदाहरणार्थ तक्त्याचे पान हरवले, तर उरलेल्या नोंदी प्रातिनिधिक राहतात. गहाळ होणे हे आपल्याकडे असलेल्या इतर नोंदींवरून समजावून सांगता येत असेल, तर शेजाऱ्यांच्या आधारे भरणे योग्य ठरते. परंतु गहाळ होणे जर त्या गहाळ मूल्यावरच अवलंबून असेल, तर वरील कोणतीही रीत अपुरी पडते. आपल्याकडे याची शक्यता खरी आहे: नाल्याला पूर आला, रस्ता बंद झाला आणि मोजणारा माणूस मापकापर्यंत पोहोचला नाही. म्हणजे ज्या दिवशी पाऊस सर्वाधिक, त्याच दिवशी घर कोरे. राज्यात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी धरली जाते आणि पीकनुकसानीच्या पंचनाम्यांशी तिचा संबंध असतो. तुम्ही ६५ पेक्षा मोठी घरे मोजून गहाळ घरे वगळलीत, तर वगळलेला प्रत्येक दिवस अतिवृष्टीचा नव्हता असे न बोलता लिहून टाकता. ज्या शेतकऱ्याची केळी त्या दिवशी आडवी झाली, त्याच्या दृष्टीने हा लहान फरक नाही. म्हणून अतिवृष्टीच्या दिवसांची संख्या देताना किमान इतके आणि गहाळ दिवस इतके, असे दोन्ही आकडे द्यावेत.

आणि शेवटी पडताळणी. जी घरे भरलेली आहेत त्यांतली काही मुद्दाम झाका, निवडलेल्या रीतीने भरा आणि खऱ्या आकड्यांशी ताडा. झाकताना मात्र विखुरलेली घरे झाकू नका. तुमचा मोठा खंड सलग ३१ दिवसांचा आहे, म्हणून एखाद्या पूर्ण नोंदी असलेल्या तालुक्याचा संपूर्ण जुलै झाकून पाहा.

यावलची विद्यार्थिनी

सर्वांची मनापासून आभारी आहे. तक्ते पुन्हा काढून दोन संध्याकाळी तपासत बसले, त्याचा हिशेब येथे देते. १३५ घरांपैकी ५४ निरंक होती, ती शून्य केली. आडव्या रेघेची ३८ घरे होती. नानांनी सांगितल्याप्रमाणे मासिक बेरजा आणि शेजारचे तालुके ताडून पाहिल्यावर त्यांतली ३२ शून्य धरता आली आणि ६ संशयित राहिली. कोरी ४३ होती, त्यांत बोदवडच्या जुलैची ३१. म्हणजे आता खरोखर गहाळ अशी ४९ घरे उरली आहेत. देवनागरी अंकांची अडचण माझ्याकडे नव्हती, मात्र एका ठिकाणी दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम पडला होता, तो तपासताना सापडला.

मूळ मॅट्रिक्सला हात न लावता तिच्याच आकाराची दुसरी मॅट्रिक्स केली आहे आणि तिच्या प्रत्येक घरात नोंदीचा प्रकार लिहिला आहे: मोजलेली, निरंकवरून शून्य, रेघेवरून शून्य, गहाळ. मार्गदर्शकांनी विचारले तर कोणता आकडा कोठून आला हे एका क्षणात दाखवता येईल. मुक्ताईनगर, भुसावळ आणि जामनेरच्या नोंदींवरून बोदवडचा जुलै गुणोत्तराच्या रीतीने भरला आहे आणि मलकापूरच्या नोंदी मिळवण्याचा प्रयत्न चालू आहे. पडताळणीसाठी भुसावळचा जुलै झाकून पाहिला. मासिक बेरीज बरीच जवळ आली, पण पावसाचे दिवस खऱ्यापेक्षा जास्त आले, म्हणजे पांझरा सरांनी सांगितलेला दोष स्पष्ट दिसला. त्यामुळे बोदवडच्या जुलैसाठी पावसाचे दिवस देणारच नाही, फक्त अंदाजित बेरीज देईन.

एक प्रश्न मात्र उरला. मुक्ताईनगरला ३० आणि ३१ जुलै ही दोन घरे कोरी आहेत आणि १ ऑगस्टला ४८ मिलिमीटरची नोंद आहे. नाना, हा साठलेला पाऊसच असावा असे वाटते. पण तो दोन महिन्यांत विभागला गेला आहे, मग बेरीज कोणत्या महिन्यात धरावी?

तापीकाठ

मध्यकाविषयीची माझी सूचना मागे घेतो. जुलैच्या तुमच्या खऱ्या नोंदींवर मीही तो काढून पाहिला असता, तर आधीच लक्षात आले असते. प्रकारांची वेगळी मॅट्रिक्स ठेवलीत हे उत्तम. ‘सेव्हआरडीएस’ने दोन्ही एकाच यादीत जतन करा, म्हणजे एक दुसरीपासून वेगळी पडणार नाही.

नाना, पारोळा

होय बेटा, शेजारी ३० आणि ३१ तारखेला पाऊस असेल तर तो साठलेलाच. तक्त्याच्या शेरा रकान्यात काही लिहिले आहे का ते पाहा. पुष्कळ जण तेथे ‘तीन दिवसांचा एकत्रित’ असे लिहीत. हंगामाच्या बेरजेत तुला काहीच करायचे नाही, ४८ मिलिमीटर जसे आहेत तसे बरोबर आहेत. प्रश्न फक्त महिन्यांचा आणि दिवसांचा.

पांझरा, धुळे

नानांच्या उत्तरात इतकीच भर घालतो. एकूण पाऊस ठाऊक आहे आणि वाटणी ठाऊक नाही, अशा वेळी शेजाऱ्यांच्या प्रमाणात ती करावी. समजा शेजारच्या केंद्रांची त्या तीन तारखांची सरासरी ३०, १० आणि २० मिलिमीटर आहे, म्हणजे एकूण ६०. मग तुमच्या ४८ पैकी ३० जुलैला २४, ३१ जुलैला ८ आणि १ ऑगस्टला १६ येतील. जुलैत ३२ आणि ऑगस्टमध्ये १६ धरावेत. बेरीज ४८ च राहते, त्यामुळे नानांनी सांगितलेली दुहेरी मोजणी होत नाही. प्रकारांच्या मॅट्रिक्समध्ये या तिन्ही घरांना ‘एकत्रित नोंदीची वाटणी’ असा वेगळा प्रकार द्यावा. पावसाचे दिवस आणि अतिवृष्टी मोजताना, तसेच सहसंबंध काढताना, ही तीनही घरे एनए ठेवावीत. यात १ ऑगस्टही आला, कारण त्या दिवशी ४८ मिलिमीटर पाऊस झाला असे म्हणता येत नाही.

शेजाऱ्यांकडे तिन्ही दिवस शून्य असतील, तर हे प्रमाण शून्य भागिले शून्य होईल आणि आर तेथे ‘एनएएन’ देईल. तशी वेळ आल्यास वाटणी करू नये. ४८ मिलिमीटर नोंद झालेल्या १ ऑगस्टलाच ठेवून शेऱ्यात तसे नमूद करावे, आणि स्थानिक सरीची ती नोंद खरी आहे का हे मूळ वहीत एकदा पाहावे.